बाथरूमचे ग्रॅब बार, कमोड राइजर आणि आंघोळीची खुर्ची: नागपुरात तिन्ही ऋतू वापरल्यानंतर

हे सगळं सामान उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तिन्ही ऋतू वापरून झालं आहे. वापरणारी व्यक्ती ७८ वर्षांची, उंची पाच फूट, दोन्ही गुडघे झिजलेले, बीपीची गोळी रोजची. फ्लॅट जुना, बाथरूम लहान, संडास आणि आंघोळ एकत्र. बसवलेलं सामान: स्टीलचे दोन ग्रॅब बार, म्हणजे आधारासाठी धरायचे भिंतीवरचे दांडे (१२ आणि १८ इंची), कमोडची सीट उंच करणारा दोन इंची राइजर, अॅल्युमिनियमच्या पायांची आंघोळीची खुर्ची, रबरी चटई, सेन्सरचा दिवा आणि वायरलेस बेल.

निकाल आधीच सांगून टाकतो. ग्रॅब बारला पैकीच्या पैकी, पण त्यातलं श्रेय बारला कमी आणि भिंतीत गेलेल्या स्क्रूला जास्त. खुर्ची चांगली, राइजर कामापुरता, चटई निरुपयोगी. आणि सक्शनने चिकटणारे, "भोक न पाडता बसवा" असं लिहिलेले बार घेऊच नका. टाइल्सचा सांधा मध्ये आला, टाइल खडबडीत असली किंवा बोअरच्या पाण्याचा पांढरा थर चढला, की आतली हवेची पकड हळूहळू सुटते. बाहेरून तो घट्टच दिसतो, आणि निसटतो तो नेमका पूर्ण वजन पडल्यावर. टॉवेलचा रॉडही तसाच. तो ओल्या टॉवेलाचं वजन पेलायला बनवलेला असतो, माणसाचं नाही. पण तोल गेला की हात आधी त्याच्याकडेच जातो, म्हणून कमोडजवळचा टॉवेल रॉड सरळ काढून टाका.

बार घेताना एसएस ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टील मागा. पाकिटावर नुसतं "स्टेनलेस स्टील" लिहिलेलं असेल तर तो बहुधा २०२ या हलक्या प्रतीचा निघतो. त्यात निकेल कमी असतं आणि बाथरूमच्या ओलीत काही महिन्यांतच वेल्डिंगजवळ तांबूस ठिपके येतात. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, त्याला भुलू नका. २०२ लाही चुंबक चिकटत नाही. खरा फरक स्टील तपासायच्या रसायनाच्या थेंबाने कळतो. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या मोठ्या हार्डवेअरवाल्यांकडे ती बाटली असते, समोर थेंब टाकून बघायला सांगा. जाडी ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच. संधिवाताच्या बोटांना यापेक्षा बारीक नळी नीट धरता येत नाही. बार आणि भिंत यांत दीड इंचाची फट हवी. मूठ आरामात मावते, पण हात घसरला तर कोपरापर्यंत मागे जाऊन अडकत नाही. आरशासारखं चकचकीत पॉलिश साबणाच्या हाताने निसटतं. मॅट किंवा खरबरीत पृष्ठभागाचा बार दिसायला साधा असतो, तोच घ्या.

आता भिंत. निम्म्याहून अधिक बार इथेच वाया जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बारच्या डब्यात मिळणारे स्क्रू साधारण दीड इंचाचे असतात. हिशेब करून बघा: टाइल ८ ते १० मिलिमीटर, तिच्यामागचा सिमेंटचा माल १५ ते २०, त्यामागे प्लास्टर असेल तर आणखी १२. म्हणजे साधारण ३५ ते ४० मिलिमीटर गेले तरी विटेचा पत्ता नाही. डब्यातला स्क्रू टाइलमागच्या मालातच संपतो, आणि तो माल पुष्कळदा टाइलच्या मध्यभागी थापलेला आणि कडांना पोकळ असतो. टाइलवर बोटाच्या पेराने टकटक करून बघा. भसाडा, पोकळ आवाज आला तर तिथे बार नको. स्क्रू ७५ ते ८० मिलिमीटरचा आणि त्याला जुळणारी १० मिलिमीटरची लांब नायलॉनची गिट्टी (भोकात ठोकायची, स्क्रूला धरून ठेवणारी नळी) घ्या. या दोन्ही गोष्टी वेगळ्या विकत आणाव्या लागतात, आणि मिस्त्री "आहेत त्यात होऊन जाईल" म्हणतोच. होऊ देऊ नका.

भिंत कशाची आहे हे ड्रिलमधून पडणारी भुकटी सांगते. पहिले तीनचार सेंटिमीटर सिमेंटची करडी भुकटी येणारच. त्यानंतर लाल आली तर मातीची भाजलेली वीट, सगळ्यात उत्तम. करडीच राहिली आणि ड्रिल जोर लावून आत जात असेल तर राखेची वीट किंवा काँक्रीट. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांची राख जवळच असल्याने आपल्याकडच्या इमारतींत राखेच्या विटा बऱ्याच आढळतात. चांगल्या प्रतीची असली तर लांब गिट्टी नीट धरते. पांढुरकी, पिठासारखी भुकटी येऊन ड्रिल लोण्यात शिरावं तसं आत गेलं तर तो एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा. तिथे साधी गिट्टी फिरत राहते. त्या ब्लॉकसाठीची वेगळी गिट्टी किंवा केमिकल अँकर (भोकात भरल्यावर घट्ट होऊन स्क्रू धरणारं रसायन) लागतो. आणि भिंत चार इंची असून पलीकडे खोली असेल, तर सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे आरपार बोल्ट आणि पलीकडून लोखंडी पट्टी. दिसायला बरं नाही, कपाटामागे आलं तर कोणाला दिसतही नाही.

भोक पाडायच्या आधी नळ आणि गिझरच्या पाइपलाइनचा अंदाज घ्या. पाइप बहुतेक वेळा नळाच्या सरळ वर किंवा सरळ आडवे गेलेले असतात, त्या रेषेपासून निदान सहा इंच दूर राहा. टाइलवर कागदी टेप लावा, म्हणजे ड्रिलचं टोक सरकत नाही. टाइल ओलांडेपर्यंत ड्रिलचं हॅमर (ठोके देत भोक पाडायची सोय) बंद, टाइलच्या काठापासून निदान एक इंच आत. हॅमर पहिल्यापासून चालू ठेवलं की टाइलला केसासारखी चीर जाते आणि तिच्यातून पाणी आत मुरत राहतं. भोकातली भुकटी फुंकून किंवा ब्रशने साफ करून मगच गिट्टी ठोका. भुकटी आत राहिली तर गिट्टी पूर्ण बसत नाही.

बारच्या प्रत्येक टोकाला गोल चकतीत तीन स्क्रू असतात आणि वरून टोपी बसते. टोपी बसवायच्या आधी सहाही स्क्रू स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तिसऱ्या भोकाला लोखंड लागलं किंवा टाइलचा काठ आला की ते रिकामं ठेवून टोपी दाबून टाकायची, ही फार जुनी रीत आहे. चकतीभोवती सिलिकॉन लावताना खालचा थोडा भाग मोकळा सोडा. आत पाणी गेलंच तर तिथून ओघळून दिसेल. एक दिवस जाऊ द्या आणि मग घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला बार धरून आधी खाली, मग स्वतःकडे, हळूहळू वजन टाकत ओढायला सांगा. पुढे महिन्यातून एकदा हलवून बघा. चकतीच्या खाली टाइलवर बारीक भुकटीची रेघ दिसली, तर आत गिट्टी सैल होते आहे. स्क्रू आवळून उपयोग नाही, त्या जागी जाड गिट्टी किंवा केमिकल अँकर घालून नवं काम करा.

जागा ठरवताना मापाचा टेप नंतर काढा, आधी माणसाला कमोडवर बसवा. उठताना माणूस सरळ वर जात नाही, आधी पुढे झुकतो. त्यामुळे कमरेच्या अगदी बाजूला लावलेला बार उठताना मागे पडतो. आडव्या बारचं पुढचं टोक सीटच्या पुढच्या काठापासून निदान वीतभर पुढे यायला हवं. उंची सीटपासून नऊ-दहा इंच वर. दुसरा बार दाराच्या आत, उभा, कारण उंबऱ्याच्या पट्टीवरून पाय उचलताना माणूस क्षणभर एका पायावर असतो. या उभ्या बारचा वापर अपेक्षेपेक्षा खूप जास्त झाला. पक्षाघात झालेला असेल तर बार चांगल्या हाताच्या बाजूला, हे सांगायलाच नको.

भाड्याच्या घरात भोकं पाडता येत नसतील तर कमोडभोवती उभी राहणारी अॅल्युमिनियमची चौकट मिळते. चालते, पण तिला धरून एकाच बाजूला झोक दिला तर सरकते. दोन्ही हात सारखा जोर लावू शकतात अशांसाठीच.

राइजर दोन, चार आणि सहा इंची मिळतात आणि दुकानात सर्रास चार इंची हातात देतात. साध्या कमोडची उंची ४० सेंटिमीटरच्या आसपास असते. पाच फुटी व्यक्तीचं गुडघ्यामागच्या खळग्यापासून जमिनीपर्यंतचं अंतरही जवळपास तेवढंच. चार इंच वाढवले की टाचा अधांतरी. मग मांडीखाली काठ रुततो, पायाला मुंग्या येतात आणि जोर लावता न आल्याने पोटही साफ होत नाही. दोन इंची पुरला. उंच माणसाला किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेल्याला चार इंची लागू शकतो, ते डॉक्टरांना विचारून ठरवा. घ्यायच्या आधी कमोडचा आकार बघा. भिंतीवर टांगलेल्या चौकोनी कमोडवर गोल राइजरची पकड बसत नाही. आणखी एक अडचण कुठल्याच जाहिरातीत नसते: कमोडमध्येच बसवलेला पाण्याचा जेट असेल तर सीट वर गेल्याने धार चुकीच्या जागी लागते, हाताने धरायचा स्प्रे जोडून घ्यावा लागतो. राइजरचे क्लॅम्प आठवड्याला तपासा. धुतानाही तो काढूनच धुवा, कारण त्याच्या खालच्या कडेत घाण साचते आणि वरून दिसत नाही.

संडास धुवायचं आम्लाचं द्रव बार आणि खुर्चीपासून लांब ठेवा. त्यातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाने ३०४ स्टीललाही डाग पडतात. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगर किंवा लिंबाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं गुंडाळून ठेवलं की सुटतात. नंतर साध्या पाण्याने धुऊन पुसून घ्या.

आंघोळीच्या खुर्चीबद्दल तक्रार एकच आहे, आणि ती खुर्चीची कमी, फरशीची जास्त. बाथरूमच्या फरशीला जाळीकडे उतार असतो. खुर्चीची पाठ उंच बाजूला ठेवली तर बसणारा पुढे घसरत राहतो. पाठ जाळीच्या बाजूला करा, शरीर आपोआप मागे टेकतं. पायांची उंची बटण-भोकाने एकेक इंचाने बदलते, चारही पाय एकाच भोकावर आहेत का ते मोजून बघा. पायाखालचे रबरी बूट हा खरा झिजणारा भाग. नळीची कड रबराला आतून कापत जाते आणि एक दिवस तळाशी धातूचं कडं दिसायला लागतं. तिथपर्यंत थांबू नका. जुना बूट दुकानात नेला की त्याच मापाचे मिळतात. प्लास्टिकचं साधं स्टूल मात्र ओल्या टाइलवर नको, त्याचे पाय वजनाने फाकतात.

बसून आंघोळ करायची तर बादलीही उंच हवी. फूटभर उंचीच्या भक्कम पाटावर बादली ठेवली की वाकावं लागत नाही, आणि पाणी घ्यायचा मग लिटरभराऐवजी अर्ध्या लिटरचा घ्या.

रबरी चटई पहिले काही दिवस छान चिकटते. मग तिच्याखाली साबणाचा बुळबुळीत थर जमतो आणि ती स्वतःच घसरगुंडी होते. रोज उचलून धुवून उन्हात वाळवणार असाल तरच ठेवा. त्यापेक्षा फरशीवर खरबरीत पट्ट्या चिकटवणं किंवा बाथरूमचं काम काढलंच तर खरबरीत टाइल घालणं बरं. दाराबाहेरचं सुटं पायपुसणं तर काढाच.

पाण्याचं तापमान हा नागपुरातला वेगळा विषय आहे. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी गार नळातूनच चटका देतं. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्यांना तो वेळेवर कळत नाही. उन्हाळ्यात पहाटेच बादली भरून ठेवा आणि दुपारी तीच वापरा. उलट डिसेंबर २०१८ मध्ये शहराने ३.५ अंशही पाहिले आहेत, म्हणजे गिझर हवाच. त्याचा थर्मोस्टॅट ५० च्या वर नको, ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. गिझरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा. कूलरही त्याच संरक्षणाखाली आणता आला तर उत्तम. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कढत पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपीची गोळी सुरू असेल तर उभं राहताच चक्कर येऊ शकते. म्हणून अंग पुसणं, कपडे घालणं खुर्चीवर बसूनच.

सेन्सरचा दिवा पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर, गुडघ्याच्या उंचीला लावला तर डोळ्यांवर येत नाही. एवढं पुरे.

शेवटी दार. बहुतेक बाथरूमची दारं आत उघडतात, आणि आत पडलेल्या माणसाचं अंगच दार अडवतं. बिजागऱ्या बदलून दार बाहेर उघडेल असं करून घ्या. ते जमत नसेल तर आतली लोखंडी कडी काढून बाहेरून नाण्याने फिरवता येणारी कडी लावा. वायरलेस बेलचं बटण सगळे उभ्या माणसाच्या उंचीला लावतात, पण पडलेल्या माणसाचा हात तिथे पोचत नाही. एक बटण जमिनीपासून फूटभर उंचीवर, कमोड आणि खुर्ची यांच्यामध्ये हवं. पाणी न शिरणारं बटण बघून घ्या. बाथरूमचं दार लावून, आतून दाबून, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी सुरू असताना बेल ऐकू येते का ते तपासा. हे दर आठवड्याला करा, सेल संपल्याचं बटण स्वतःहून सांगत नाही.