चेटकिणीला सगळंच येत असेल तर तपास कशाला? आठ महिन्यांच्या वाचनानंतर

ई-रीडरवर पुस्तक ब्याऐंशी टक्क्यांवर असताना त्यात भूत आलं आणि त्यानं खुन्याचं नाव सांगून टाकलं. सहा संशयित, प्रत्येकाचा हेतू नीट मांडलेला, विषाची बाटली कुणाच्या हातून कुणाकडे गेली याचा माग अर्धा लागलेला. आणि मृत माणूस स्वयंपाकघरात प्रकट होऊन सरळ बोट दाखवतो. पुस्तकाचं नाव देत नाही, कारण दोष त्या एका पुस्तकाचा नाही. आठ महिने चेटकिणींच्या हलक्याफुलक्या कोझी रहस्यकथा वाचल्या, तीसच्या आसपास पुस्तकं झाली, आणि ज्या मालिका अर्ध्यावर सोडल्या त्यातल्या बहुतेक याच खड्ड्यात पडल्या होत्या.

कोझीचा साचा सगळ्यांना माहीत आहे: छोटं गाव, हौशी शोधक, रक्तपात पडद्याआड. चेटकीण आली की वनौषधींचं दुकान, बोलकं मांजर आणि आजीकडून आलेली मंत्रांची वही यांची भर पडते. त्याच्याचसाठी पुस्तक उघडतो, त्याबद्दल तक्रार नाही. माझा सगळा राग एका गोष्टीवर आहे: जादूची मर्यादा लेखक केव्हा सांगतो.

हा प्रश्न जुना आहे. 1928 साली अमेरिकन रहस्यकथाकार एस. एस. व्हॅन डाइन यांनी रहस्यकथेसाठी वीस नियम मांडले, त्यात प्लँचेट, परचित्तज्ञान, स्फटिकगोल यांच्या मदतीनं गुन्हा उकलायला साफ मनाई आहे. 1929 साली इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी दहा नियम घातले. त्यातला दुसराच नियम अलौकिक शक्तींना दारातून आत येऊ देत नाही. कारण उघड आहे. वाचक शोधकाशी स्पर्धा करत असतो, आणि शोधकाकडे असलेलं हत्यार वाचकाकडे नसेल तर ती स्पर्धाच उरत नाही. चेटकिणीची कोझी हा नियम मुद्दाम मोडते. मोडायला हरकत नाही, पण मग त्याची भरपाई करावी लागते, आणि ती वेळेवर करावी लागते.

सुरुवातीला माझं मत होतं की जादू आणि तपास एकत्र नांदूच शकत नाहीत. तिसऱ्या महिन्यात ते बदललं. ज्या पुस्तकात जादूला ठाम कुंपण होतं, तिथे कोडं साध्या कोझीपेक्षाही घट्ट बसलं होतं.

उदाहरणार्थ सत्यमंत्र. नायिकेला समोरच्याकडून खरं वदवून घेता येतं, तर सहाही संशयितांना एका खोलीत बसवून पुस्तक पन्नास पानांत का संपत नाही? मंत्र अचानक विसरला, वहीचं तेवढंच पान फाटलं, ही उत्तरं आळशी आहेत. ज्याच्यावर मंत्र टाकायचा त्याची संमती लागते, हे बरं. सगळ्यात चांगलं उत्तर असं की मंत्रामुळे माणूस त्याला जे खरं वाटतं ते बोलतो. मग साक्षीदार प्रामाणिकपणे चुकीची वेळ सांगतो, कारण त्या घरातलं घड्याळ मागे पडलेलं असतं, आणि हे घड्याळ चौथ्या प्रकरणात आपण पाहिलेलं असतं. जादू वापरली तरी डोकं चालवावंच लागतं.

खून झालेल्याचं भूत हे दुसरं अवघड जागेचं दुखणं. त्याला खुनी माहीत असणार, मग तो सांगत का नाही? ‘मरणाच्या धक्क्यानं स्मृती गेली’ हे कारण इतक्यांदा येतं की ते आता कारण म्हणून चालतच नाही. मागून वार झाला, हे त्याहून बरं. पण खरी सोय विषात आहे. विष दिलं गेलेल्या माणसाला आपल्याला कुणी मारलं हे खरोखरच ठाऊक नसतं. तो फक्त दिवसभरात काय खाल्लं, कोण भेटलं, तोंडाला केव्हा मुंग्या आल्या एवढं सांगू शकतो. म्हणजे भूत उत्तर न देता पुरावा देतं.

वस्तूला हात लावून भूतकाळ दिसणं हा तिसरा प्रकार. इथे चेहरा दिसला की खेळ खलास. फक्त भावना जाणवत असेल तर मजा येते: कपाच्या कानावर भीती सापडते, पण ती पिणाऱ्याची की देणाऱ्याची, हे शोधून काढावं लागतं.

आता किंमत. प्रत्येक मंत्राची काहीतरी किंमत असते असं ही पुस्तकं सांगतात आणि नायिकेचं डोकं दुखतं. पुढच्या प्रकरणात ती ठणठणीत. ही किंमत झाली नाही. किंमत कथानकाला वळण देणारी हवी: मंत्र फक्त अमावास्येला चालतो आणि ती दहा दिवसांवर आहे, लागणारी मुळी एकदाच पुरेल इतकी उरली आहे, त्यामुळे सहापैकी एकच संशयित निवडावा लागेल, मंत्र टाकला की गावातल्या दुसऱ्या चेटकिणीला त्याचा वास लागतो. यातलं एक जरी असलं तरी पुस्तक तरतं.

मांजराबद्दल मत पूर्ण फिरलं. पहिले दोन महिने बोलक्या मांजराचे संवाद मी चाळून पुढे जायचो. आता वाटतं, मांजर नीट वापरलं तर या प्रकारातलं सगळ्यात उपयोगी पात्र तेच. नॉक्स यांचा नववा नियम शोधकाच्या सोबत्याबद्दल आहे: त्याच्या मनात जे येईल ते त्यानं वाचकापासून लपवू नये. ‘मला माहीत आहे, पण तूच शोध’ म्हणणारं मांजर हा नियम पायदळी तुडवतं. उलट मांजराच्या इंद्रियांना खरोखरच असलेल्या मर्यादा वापरणारा लेखक सोनं करतो. माणसाला साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येतं, मांजराला त्याच्या तिपटीच्या आसपास. पण लाल आणि हिरव्यातला फरक मांजराला धड कळत नाही. त्यामुळे ते रात्रीच्या अंधारात आलेला माणूस बघतं, त्याचे बूट ओळखतं, भिंतीआडची कुरकुर ऐकतं, आणि तरी कोट लाल होता की हिरवा हे त्याला सांगता येत नाही. असा साक्षीदार साध्या रहस्यकथेत मिळणारच नाही.

मालिका ठेवायची की सोडायची हे ठरवण्यासाठी आता एक चाचणी पक्की केली आहे. पहिलं पुस्तक 20 टक्के वाचून झालं की ई-रीडरच्या टिपणांत तीन ओळी लिहायच्या: नायिकेला काय येतं, काय येत नाही, आणि कशाची काय किंमत. तिन्ही ओळी भरता आल्या नाहीत तर धोका आहे. मग 75 टक्क्यांवर थांबून खुन्याचं नाव आणि दोन कारणं लिहायची. उत्तर चुकलं तरी हरकत नाही. उकल होताना त्या तीन ओळींत नसलेली शक्ती वापरली गेली, तर मालिका तिथेच बंद.

यात टक्केवारी फसवते, ते लक्षात ठेवा. शेवटी पुढच्या पुस्तकाची प्रकरणं आणि इतर मालिकांची यादी जोडलेली असते, त्यामुळे कथा नव्वदच्या आसपासच संपते. 75 वर थांबायचं म्हणजे प्रत्यक्षात 68 च्या आसपास थांबावं लागतं. तीन पुस्तकांचा बॉक्स सेट असेल तर टक्के तिन्हींचे मिळून दिसतात. तिन्ही सारख्या लांबीची धरली तर पहिल्याचा तीन-चतुर्थांश 25 टक्क्यांवर येतो, दुसऱ्याचा 58 वर, तिसऱ्याचा 92 वर. अनुक्रमणिका उघडून प्रकरणं मोजणं सगळ्यात खात्रीचं. आणि बॉक्स सेट घेण्याआधी आत कोणती पुस्तकं आहेत ते एकेक तपासा. चौथं ते सहावं हवं असताना पहिलं ते तिसरं पुन्हा गळ्यात पडणं हा निव्वळ अपव्यय आहे, आणि मुखपृष्ठं इतकी सारखी असतात की चूक सहज होते.

विषांचा अभ्यास बऱ्याच लेखिकांनी मनापासून केलेला दिसतो. फॉक्सग्लव्ह या विषारी झाडाची पानं फुलं येण्याआधी कॉम्फ्री या औषधी झाडाच्या पानांसारखी दिसतात आणि चुकून काढ्यात जातात. असे अपघात खरे झालेले आहेत, आणि वनौषधींचं दुकान चालवणाऱ्या नायिकेवर संशय येण्यासाठी याहून चांगली सुरुवात नाही. बेलाडोना दिलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडं पडतं; ही लक्षणं बहुधा बरोबर येतात. गडबड होते ती बचनागाच्या कुळातल्या वुल्फ्सबेनची. तोंडाला मुंग्या आणि बधिरपणा लवकरच येतो आणि काही तासांतच हृदयाचे ठोके बिघडतात. ‘महिनाभर थोडं थोडं देऊन’ म्हातारा हळूहळू खंगला, असं जिथे लिहिलंय तिथे बचनाग चुकीचा निवडलेला आहे. सायनाइडचा कडू बदामाचा वास सगळ्यांना येतच नाही, तो ओळखता येणं अनुवंशिक आहे. एका नायिकेला तो येतो आणि पोलिसाला येत नाही. हा धागा मात्र सुंदर जमला होता.

अमेरिकेतल्या सेलममध्ये चेटकीण म्हणून पूर्वज जाळले गेले, असं लिहिलेलं पुस्तक दिसलं की माझा विश्वास निम्मा उडतो. 1692 च्या त्या खटल्यांत एकोणीस जणांना फाशी झाली, एकाला अंगावर दगड रचून चिरडलं गेलं. जाळलं कुणालाच नाही. खरं तर या लेखकांना हवा तो धडा त्याच इतिहासात आहे. आरोपीचं पिशाच्च रात्री येऊन छळतं, ही तक्रारदाराशिवाय कुणालाच न दिसलेल्या गोष्टीची साक्ष त्या न्यायालयानं ग्राह्य धरली. जानेवारी 1693 मध्ये बसलेल्या नव्या न्यायालयानं अशी साक्ष नाकारली आणि बहुतेक आरोपी सुटले. चेटकिणींच्या कथेत तरी भुताच्या शब्दावर कुणाला खुनी ठरवू नये.

ऑडिओबुकबद्दल थोडक्यात: 50,000 शब्दांचं पुस्तक ऐकायला साडेपाच तासांच्या आसपास लागतात, वाचायला साडेतीन. ऐकताना मागे जाऊन धागा सहज तपासता येत नाही, त्यामुळे कोडं सोडवायचं असेल तर वाचाच.

आता ज्या पुस्तकावरून हे सगळं सुरू झालं त्याबद्दल. त्या मालिकेची शून्य क्रमांकाची, म्हणजे पहिल्या पुस्तकाच्याही आधीची, छोटी कादंबरिका ईमेल पत्ता नोंदवला की फुकट मिळते. ती नंतर वाचली. तिच्या अकराव्या पानावर नियम स्पष्ट लिहिलेला आहे: मृत माणूस तिसऱ्या रात्री एकदाच आणि एकच वाक्य बोलू शकतो. मोजून पाहिलं, ब्याऐंशी टक्क्यांवरची ती रात्र तिसरीच होती. म्हणजे लेखिकेनं नियम पाळला होता, आणि आयत्या वेळी भूत आणल्याचा आरोप मी मागे घेतोय. पण पहिलं पुस्तक हातात घेणाऱ्याला ती कादंबरिका असते हेच माहीत नसतं. ती एक ओळ दुसऱ्या प्रकरणात आली असती, तर तिसऱ्या रात्रीची वाट बघत मी ते पुस्तक एका बैठकीत संपवलं असतं.