मावशीच्या लँडलाइनसाठी दोन रिचार्ज

माझी मावशी इंग्लंडात, लेस्टरला राहते. वय 86. नर्स म्हणून गेली ती तिथलीच झाली. स्मार्टफोन तिला आतापर्यंत दोनदा भेट मिळालाय, दोन्ही अजून डब्यात आहेत. तिच्याशी बोलायचं म्हणजे तिच्या बैठकीतल्या लँडलाइनवर. महिन्यातून दोनदा, वीस-वीस मिनिटं. याहून जास्त ना तिला झेपत, ना मला.

हे सांगितलं की समोरचा हसतो. नागपुरात आमच्या त्रिमूर्तीनगरातल्या रिचार्जवाल्या पोरानं तर सरळ विचारलं, "काकू, व्हॉट्सअ‍ॅप असून आयएसडीचा रिचार्ज काहून मारून राहिल्या?" त्याला म्हटलं, बापा, व्हॉट्सअ‍ॅप दोन्हीकडं लागतं. भिंतीतल्या वायरला व्हॉट्सअ‍ॅप नसतं.

इतकी वर्षं मी स्काइपवर पैसे भरून लावायची. 5 मे 2025 ला स्काइप बंद झालं. उरलेलं बॅलन्स वेबवरच्या डायल पॅडवरून वापरू दिलं त्यांनी, ते जूनमध्ये संपलं, आणि नवीन भरायची सोय नव्हती. तिथून पुढं दोन गोष्टी पैसे देऊन वापरल्या, त्यांचं हे परीक्षण. नावं घेत नाही. दर इतके हलतात की तुम्ही वाचेपर्यंत माझा आकडा जुना झालेला असेल. हिशेब मात्र तसाच मांडायचा.

पहिला, मोबाइल कंपनीचा आयएसडी पॅक. 399 रुपयांत 100 मिनिटं, मुदत 28 दिवस. म्हणजे चार रुपये मिनिट, कोणालाही बरं वाटेल. मी 31 वर्षं शाळेत गणित शिकवलं, तरी फसले. पहिल्या आठवड्यात 22 मिनिटं बोललो, तिसऱ्यात 19. मग मावशी गुडघ्याच्या तपासण्यांत अडकली आणि 28 दिवस संपले. उरलेली 59 मिनिटं गेली. 399 भागिले 41, पावणेदहा रुपये मिनिट पडलं! पॅकवर मिनिटाचा दर मोठ्या अक्षरात असतो, मुदत खाली बारीक. क्वचित फोन करणाऱ्यानं ते बारीक आधी वाचावं.

आवाज मात्र खणखणीत. मावशीकडचं भिंतीवरचं घड्याळसुद्धा ऐकू यायचं. आणि नंबर माझाच दिसायचा, त्यामुळं ती उचलायचीच. ज्यांना एकाच महिन्यात तास-दीड तास बोलायचंय, घरात लग्न ठरलंय, कोणी तिकडं दवाखान्यात आहे, त्यांनी पॅकच घ्यावा. माझ्यासाठी 10 पैकी 5.

दुसरं, फोनमध्ये टाकायचं अ‍ॅप. आपण इंटरनेटवरून बोलायचं, पलीकडं साधा फोन वाजतो. पाच डॉलर भरायचे होते आणि माझं कार्ड चालेचना. तीनदा ओटीपीपर्यंतही पोचले नाही. भाच्यानं बँकेचं अ‍ॅप उघडून दाखवलं, आंतरराष्ट्रीय व्यवहारांचा खटका बंद. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमापासून नवीन कार्ड फक्त देशात चालेल असंच मिळतं, बाहेरचं आपण सुरू करायचं. सुरू केलं, पैसे भरले, लगेच परत बंद केलं. तुम्हीही करा. खात्यातून 458 रुपये गेले. डॉलरचा भाव, वर बँकेचं साडेतीन टक्के, त्या साडेतीन टक्क्यांवर 18 टक्के जीएसटी.

लेस्टरच्या लँडलाइनला दोन सेंट मिनिट, म्हणजे 250 मिनिटं, मिनिटाला पावणेदोन-दोन रुपयांच्या मधे. इंग्लंडातल्या मोबाइलचा दर त्याच यादीत चारपट होता, म्हणून देशाच्या 44 या कोडनंतर 7 आला की आधी दर बघायचा. पण खरी गंमत पैशाची नाही, मुदतीची. या बॅलन्सला 28 दिवसांचा फास नाही. मावशीनं महिनाभर फोन उचलला नाही तरी पैसे तिथंच.

आता तक्रारी. आवाज अर्धा सेकंद मागून येतो. मी बोलून राहिली, तीही बोलून राहिली, मग दोघी गप्प, मग दोघी पुन्हा एकदम. संध्याकाळी आमच्या गल्लीतलं इंटरनेट दमतं तेव्हा तर फारच. 1 मिनिट 4 सेकंद बोललं तरी दोन मिनिटं कापतात. आणि मावशीचं आन्सरिंग मशीन! पाच रिंगनंतर ते उचलतं आणि आपलं मिनिट सुरू. पहिल्या आठवड्यात तीन मिनिटं मी मशीनशीच बोलले.

ती उचलत का नव्हती हे नंतर कळलं. तिच्याकडं भलताच नंबर दिसायचा. तिकडं 1471 फिरवलं की शेवटचा फोन कुठून आला ते सांगतात. तिनं फिरवलं, नंबर ओळखीचा नाही, म्हणाली कोणी ठग असेल. बरोबरच वागली. अ‍ॅपमध्ये माझा नंबर ओटीपी देऊन जोडल्यावर कधी तो दिसतो, कधी नाही. शेवटी आम्ही आपला जुना देशी उपाय काढला: दोन रिंग देऊन मी कापते, मग पुन्हा लावते. न उचललेल्या फोनचे पैसे लागत नाहीत. दुसऱ्या वेळी ती पहिल्याच रिंगला उचलते. 10 पैकी 7.

दोन्हीकडं चालणारं एक. डायरीत नंबर 0116 असा लिहिलेला असतो. 44 नंतर तो शून्य गाळायचा, नाहीतर बाई आपल्याला नंबर तपासायला सांगत बसते. आणि वेळ. उन्हाळ्यात लेस्टर आपल्याहून साडेचार तास मागं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते साडेपाच होतं. हे विसरून यंदा मी त्याच रविवारी दुपारी साडेबाराला लावला. तिकडं आठ वाजायला हवे होते, वाजले होते सात. दोन रिंग, कापला, पुन्हा लावला. "कोण गेलं गं?" हे तिचं पहिलं वाक्य.

कालच बोललो. अ‍ॅपवर 3 डॉलर 38 सेंट उरलेत, म्हणजे सप्टेंबरपासून 81 मिनिटं झाली. मावशीनं बुधवारच्या डॉक्टरचं सांगितलं, संत्री आली का विचारलं, अंबिया बहाराची आली म्हटलं. मग नेहमीप्रमाणं बिलावर आली. वीस मिनिटांचे 37 रुपये सांगितले तर तिचा विश्वास बसेना. पूर्वी आम्ही प्रतापनगरच्या पिवळ्या एसटीडी बूथवरून तिच्या घरी लावायचो, समोर लाल आकडे धावत असायचे, आई पदरात नोटा मुठीत धरून त्यांच्याकडंच बघायची, बोलायची मी. बाहेरदेशीच्या फोनचा सगळा धंदा तेव्हा व्हीएसएनएल या एकट्या सरकारी कंपनीकडं होता, ती मक्तेदारी 2002 मध्ये सुटली.

"37 असो नाहीतर 370," मावशी म्हणाली, "ठेव आता, मीटर पळून राहिलंय तुझं." आणि तिनंच आधी ठेवला.