एसीएलनंतर मांडी भरायची: स्क्वॉट की लेग एक्स्टेन्शन?

एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं जोडणारा लिगामेंटचा पट्टा, तुटून त्याचं ऑपरेशन झालं, कुबड्या सुटल्या, गुडघा वाकायला लागला, की हा प्रश्न येतोच: बारीक झालेली मांडी भरून काढायला घरचे स्क्वॉट (बैठका) पुरतील की जिममधलं लेग एक्स्टेन्शनचं मशीन गाठावं, ज्यावर बसून गुडघा सरळ करत वजन उचलतात?

स्क्वॉटची बाजू भक्कम आहे. पाय जमिनीला टेकलेला असल्याने मांडीचे पुढचे-मागचे स्नायू एकत्र काम करतात, नडगी फारशी पुढे सरकत नाही आणि नव्या लिगामेंटवर ताण कमी येतो. जिना, खुर्चीतून उठणं, सगळं यातूनच परत येतं. खर्चही नाही.

मला खटकलं ते एवढंच, की धडधाकट पाय सगळं काम स्वतःकडे ओढून घेतो. आरशासमोर करून बघा, खाली बसताना कंबर नकळत त्या बाजूला झुकते. पायरीवर चढण्याच्या व्यायामातही मागच्या पायाचा चवडा हळूच रेटा देतो. दुखत काहीच नाही, म्हणून लक्षातही येत नाही. माझे स्क्वॉट वाढत होते. पण पाय लांब करून मांडी आवळली की वाटीच्या वर, आतल्या बाजूला जो उंचवटा उठतो, तो उजव्या मांडीवर टणक आणि ऑपरेशनच्या डाव्या मांडीवर नुसती थरथर.

मशीनवर एकाच पायाने वजन उचलायचं, तिथे दुसऱ्याची मदत नाही. तो उंचवटा मला तिथेच परत दिसू लागला. पथ्यं मात्र आहेत. गुडघा सरळ होतानाच्या शेवटच्या टप्प्यात लिगामेंटवर ताण सर्वाधिक, म्हणून सुरुवातीला 90 ते 45 अंशांतच हालचाल. ग्राफ्ट (नवं लिगामेंट करायला घेतलेला तुकडा) हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीमागच्या स्नायूच्या दोरीचा असेल तर पहिले 12 आठवडे शक्यतो वजन न लावता. सुरुवात कधी करायची हे सर्जन आणि फिजिओच ठरवतील. वाटीमागे दुखत असेल तर एका पायाने लेग प्रेस (पायाने फळी ढकलायचं मशीन) बरा.

नुसतं चालणं-चढणं हवं असेल, तर घरचे स्क्वॉट एका पायाने खुर्चीतून उठण्यापर्यंत न्या, बहुधा भागेल. कबड्डी-फुटबॉलकडे परतायचं असेल, तर ऑपरेशननंतर निदान 9 महिने थांबा आणि दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्याच्या 90 टक्क्यांवर न्या. त्यासाठी माझं मत मशीनला, स्क्वॉट सोबतीला.