स्लिंकी की पाण्याची परात?

नौपाड्यातल्या वहिनी अडल्या होत्या: लेकीला विज्ञान प्रदर्शनात लाटा दाखवायच्यात, स्लिंकी (लांब, सैल स्प्रिंगचं खेळणं) आणू की पाणी भरलेली घरची परात पुरेल?

खर्चात अर्थात परात. स्लिंकी घ्यायचीच तर धातूची घ्या. प्लास्टिकची हलकी, लाट लगेच विरते. आणि एकदा गुंता झाला की संपलंच!

दिसतं काय, हा खरा मुद्दा. स्लिंकी फरशीवर ताणून आडवी झटकली की दोरीसारखी लाट, पुढेमागे ढकलली की ध्वनीसारखी वेटोळ्यांची दाटी-विरळी. दुसरं टोक घट्ट धरलं तर आडवा उंचवटा उलटा होऊन परततो. पण सगळं एका रेषेत.

दोन लाटा मिसळून नक्षी उमटणं, फटीतून लाट पसरणं, हे पाण्यातच. मात्र स्टीलच्या परातीत नीट दिसत नाही; काचेचा पसरट ट्रे, वर दिवा, खाली पांढरा कागद हवा. कडांना स्पंज लावा, नाहीतर परतलेल्या लाटा घोळ घालतात. तळाशी काच ठेवून पाणी उथळ केलं की लाटा तिथे मंदावतात, जवळ येतात, तिरप्या असतील तर वळतात. तयारीला मात्र अर्धा दिवस, आणि पोछा तुमच्याकडे.

विषय ध्वनी असेल तर स्लिंकी, प्रकाशाचं वाकणं असेल तर ट्रे.