जेफरसन एअरप्लेन : सतरा वर्षांनंतरचा अल्बम

सॅन फ्रान्सिस्कोत 1965 साली उभ्या राहिलेल्या जेफरसन एअरप्लेन या सायकेडेलिक (भ्रमावस्थेचा आभास देणाऱ्या) रॉक बँडचा 1972 नंतरचा पहिला स्टुडिओ अल्बम 1989 साली बँडच्याच नावाने आला; तो मी यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या शेतात, रानडुकरांपासून हरभरा राखताना मचाणावर बसून, सलग दोन रात्री मोबाईलवर ऐकला. ग्रेस स्लिक, मार्टी बॅलिन, पॉल कँटनर, जॉर्मा कौकोनेन आणि जॅक कॅसिडी हे बँडचे जुने सदस्य या अल्बमसाठी पुन्हा एकत्र आले होते. जुने ड्रमर स्पेन्सर ड्रायडन मात्र त्यात नाहीत आणि ती उणीव जाणवते, कारण येथील ठेका विहिरीवरच्या मोटारपंपासारखा एकसुरी वाटतो. टोटो बँडच्या दोघांनी लिहिलेले ‘ट्रू लव्ह’ हे गाणे तर दुसऱ्या रात्री मी ऐकलेच नाही. कौकोनेन यांच्या ‘आइस एज’साठी मात्र हेडफोन लावावा, कारण फोनच्या स्पीकरवर कॅसिडी यांचे बास गिटार पार हरवते; पण मला डुकरांच्या चाहुलीसाठी एक कान मोकळाच ठेवावा लागला. स्लिक यांच्या आवाजाचा दरारा या अल्बममध्येही टिकून आहे. नवख्या श्रोत्याने आधी याच बँडचा 1967 चा ‘सररिअलिस्टिक पिलो’ हा अल्बम ऐकावा आणि मगच इकडे वळावे.