ऑक्टोपस कार्ड : हाँगकाँगमधल्या सात महिन्यांनंतर

कंपनीच्या कामाने सात महिने हाँगकाँगला राहून आले. तिथे सगळ्यात जास्त वापरलेली वस्तू म्हणजे ऑक्टोपस कार्ड, म्हणजे प्रवासात आणि दुकानात यंत्रावर टेकवून पैसे भरायचं कार्ड. ५० हाँगकाँग डॉलर अनामत भरून घेतलं, वर पैसे टाकले, झालं. १९९७ च्या सप्टेंबरपासून हे चालू आहे. आपण यूपीआयच्या कौतुकात असतो (आणि ते खरंही आहे), पण ऑक्टोपसला ना नेटवर्क लागतं, ना पिन, ना मोबाइलची बॅटरी. पर्ससकट टेकवलं की 'डूट' वाजतं. तिथले लोकही कार्ड टेकवण्याला 'डूट' करणं म्हणतात.

प्रवासात पहिला आठवडा माझी फजिती झाली. बसमध्ये चढताना टेकवायचं, ट्राममध्ये मात्र मागच्या दाराने चढून पुढून उतरताना. मी चढल्या चढल्या यंत्र शोधत उभी, मागे म्हाताऱ्या आजींची रांग! शिल्लक थोडीच उरली असली तरी एकदा कार्ड उणे जाऊ देतं, त्यामुळे रात्री उशिरा अडकत नाही. रोख पैसे देणाऱ्याला बसवाला सुट्टे परत देत नाही, हेही लक्षात ठेवा. लाल मिनीबसमध्ये मात्र बऱ्याचदा रोखच लागते. स्टार फेरीवर हे कार्ड चालतं, आणि संध्याकाळी त्सिम शा त्सुईहून सेंट्रलला जाताना ती दहा मिनिटं मी मेट्रोऐवजी मुद्दाम बोटीत घालवायची.

खरी गंमत जेवणाची. छा छान तेंग म्हणजे आपल्याकडच्या इराण्याचा हाँगकाँगी भाऊबंद. दाट दुधाचा कडक चहा, लोण्याचा जाड तुकडा घातलेला पाव, आणि 'अननसाचा पाव' ज्यात अननस नसतोच, फक्त वरचं कवच तसं भेगाळलेलं दिसतं. अनोळखी माणसाच्या टेबलावर बसवतात. संकोच करू नका, तो तुमच्याकडे बघतही नाही. डिम सम (चहाबरोबर खायचे छोटे छोटे पदार्थ) खायला गेलात तर चहाचे माणशी वेगळे पैसे लागतात, वर बहुतेक ठिकाणी दहा टक्के सेवाशुल्क. किटलीचं झाकण तिरकं करून ठेवलं की गरम पाणी भरून मिळतं. हे कुणी सांगितलं नाही, शेजारच्या टेबलावर बघून शिकले.

शाकाहारी असाल तर सावध. मुळ्याच्या वडीतही सुक्या मांसाचे तुकडे असतात, पालेभाजीवर ऑयस्टर (कालवांचा) सॉस ओतलेला असतो. 'चाय' म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण, पण त्याचा उच्चार चहासारखा करून मी दोनदा चहाच मागवला. लांताऊ बेटावरच्या पो लिन मठातलं साधं जेवण आठवतंय. आधी तिथल्या बुद्धाच्या मोठ्या मूर्तीकडे २६८ पायऱ्या चढून भूकही चांगली लागलेली. वरणभाताची आठवण अगदी असह्य झाली की चुंगकिंग मॅन्शन्स ही इमारत गाठायची. तळमजल्यावर मसाले, डाळी, समोसे, सगळं मिळतं. लिफ्टसाठी मात्र ताटकळायची तयारी ठेवा.

खरेदीत कार्डाचा उपयोग अर्धाच. सुपरमार्केटात डूट, पण शाम शुई पोच्या आपलिऊ स्ट्रीटवर सुट्टे चार्जर, जुने रेडिओ, वायरी घ्यायच्या तर रोख खिशात हवी. तिथली यू चाऊ स्ट्रीट मण्यांची. माझ्या आईला तिथेच सोडलं असतं तर ती आठवडाभर परतली नसती. लेडीज मार्केटात घासाघीस जमली नाही तर निघून जा, दोन दुकानांनंतर तीच पिशवी स्वस्तात मिळते. कापडी पिशवी बरोबर ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीला एक डॉलर पडतो.

राहण्याचं बोलायचं तर पहिले दोन आठवडे नेथन रोडजवळच्या एका गेस्टहाउसमध्ये काढले. फोटोत खिडकी होती. प्रत्यक्षात ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत होती. सुटकेस पलंगावर ठेवूनच उघडायची. तेव्हा चिडले, मग कळलं की या शहरात खोली फक्त झोपायला असते, बाकी घर बाहेर रस्त्यावर. पुढच्या वेळी खोलीचा आकार नाही, स्टेशन किती पावलांवर एवढंच बघेन. हॉटेलात अनामत म्हणून क्रेडिट कार्ड मागतात, तिथे ऑक्टोपसचं काम नाही.

निघताना कार्ड परत करता येतं. घेतल्यापासून ९० दिवसांच्या आत केलं तर ११ डॉलर कापून घेतात. मी केलंच नाही. पुढच्या महिन्यात भाऊ कामासाठी जातोय, त्याला देऊन टाकलंय. आत ६२ डॉलर शिल्लक आहेत, पहिला पाव आणि चहा माझ्याकडून.