गुडघ्याचं औषध: बोटाने, मशीनने की गोळीने?

पर्वतीच्या पायऱ्या सुटल्या तेव्हा कुठे आईने गुडघा मनावर घेतला. कोथरूडच्या फिजिओने 10 सिटिंग सांगितल्या. औषधाचं जेल लावायचं, वरून अल्ट्रासाउंडचं मशीन फिरवायचं, की औषध आत जातं. "गुडघ्याची कसली सोनोग्राफी?" म्हणून आई हसली. लहरी त्याच जातीच्या, पण इथे फोटो निघत नाही. या प्रकाराला फोनोफोरेसिस म्हणतात. 1954 साली फेलिंगर आणि श्मिड यांनी हाताच्या संधिवातावर हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड असं दिलं होतं, म्हणजे तंत्र काही नवं नाही.

होय म्हणण्याआधी मला एवढंच बघायचं होतं, की या औषधाला आत जायला मशीन लागतं का?

कातडीचा सगळ्यात वरचा, मेलेल्या पेशींचा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटरचा, कागदाहून पातळ. पण राखणदार पक्का. साधारण 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) मोठा रेणू तो सहसा आत सोडत नाही. गुडघ्याच्या जेलमधलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक 300च्या आसपास, त्यामुळे ते नुसतं चोळूनही आत जातं. इन्शुलिन 5,800च्या घरातलं, अडतं ते तिथे.

'अल्ट्रासाउंडने इन्शुलिनसुद्धा कातडीतून जातं' हे जे ऐकू येतं ते खोटं नाही. मुंबईच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञानाच्या संस्थेत शिकलेले समीर मित्रगोत्री आणि अमेरिकेतल्या एमआयटीतले त्यांचे सहकारी ब्लँकश्टाइन व लँगर यांनी 1995 मध्ये प्रयोगशाळेत, माणसाच्या कातडीच्या तुकड्यातून ते करून दाखवलं. पण त्यांची लहर होती 20 किलोहर्ट्झची. इतक्या कमी वारंवारितेला द्रवात बुडबुडे उठतात, फुटतात आणि कातडीतली चरबीची घडी विस्कटते. फिजिओकडचं मशीन 1 किंवा 3 मेगाहर्ट्झचं, म्हणजे 50 ते 150 पट जास्त. तिथे असे बुडबुडे सहजी उठत नाहीत. नाव दोन्हीकडे अल्ट्रासाउंड, म्हणून एकाची कीर्ती दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते.

शेक मात्र मिळतो. 1 मेगाहर्ट्झ खोलवर जातं, 3 वरवरच राहतं. औषध घालून आणि न घालून केलेल्या अल्ट्रासाउंडची तुलना झाली आहे, पण निकाल एका सुरात नाहीत. आणखी एक गोम: हवा लहरी अडवते आणि पुष्कळशी घट्ट पांढरी मलमंही अडवतात. मलम थापून वर मशीन फिरवलं, तर मशीनने औषधही ढकललं जात नाही आणि शेकही मिळत नाही. जाणारच असाल तर दोनच गोष्टी विचारा: मशीन किती मेगाहर्ट्झवर लावणार, आणि वापरणार ते पारदर्शक जेल की क्रीम?

मशीनचा दुसरा प्रकार आयन्टोफोरेसिस, त्यात औषध सौम्य विजेच्या प्रवाहाने ढकलतात. कोपर किंवा टाचेसारख्या उथळ जागी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड असं देतात. गुडघ्याच्या खोलीसाठी मला त्यात रस वाटला नाही. पेसमेकर असेल तर हा विषयच नको. कॅन्सरच्या जागी, गरोदरपणी पोटावर किंवा बधिर कातडीवर अल्ट्रासाउंडही नको. मधुमेहात पायाची जाणीव गेली असेल, तर चटका बसलेला कळतच नाही.

गोळी? पोट, किडनी, बीपी. आईचं वय 71, तेव्हा तीही मागे पडली. जेलमधून रक्तात जाणारं डायक्लोफिनॅक गोळीच्या मानाने 6 टक्क्यांच्या आसपास असतं. गुडघ्याच्या झिजेसाठी अमेरिकन संधिवात-तज्ज्ञांच्या संघटनेने 2019 मध्ये असं जेल आणि व्यायाम, दोन्हींची जोरदार शिफारस केली. खुब्याचं दुखणं निराळं, सांधा इतका खोल की चोळलेलं तिथवर पोचत नाही.

फक्त आपण लावतो हरभऱ्याएवढं. 1 टक्का जेलच्या अमेरिकन लेबलवर गुडघ्यासाठी एका वेळी 4 ग्रॅम, दिवसातून 4 वेळा असं आहे. त्या हिशेबाने 30 ग्रॅमची ट्यूब 2 दिवसही पुरत नाही. आपल्याकडच्या जेलचं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे मात्रा डॉक्टरांनाच विचारली.

सिटिंग घेतल्या नाहीत. फिजिओची एकच भेट ठेवली, व्यायाम शिकण्यापुरती. रिक्षाचे पैसेही वाचले. आता आई टीव्हीसमोरच्या खुर्चीतून हात न टेकता 10 वेळा उठते, आणि मोजताना दोन आकडे गाळते.